दोन मॉनिटर आणि भुशाचं टेबल: टेबलाला कसायचा स्टँड कोणता घ्यावा?

तर्री_पोहा | ४ एप्रिल, रात्री ९:५०

मंडळी, पंधरा दिवसांपासून मॉनिटरचा स्टँड शोधून राहिलो आणि जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतो. म्हणून हा धागा.

राहायला नागपुरात मनीषनगरला, ऑफिस मिहानमध्ये, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. टेबल १२० बाय ६० सेंटीमीटरचं, ऑनलाइन मागवलेलं. वर पांढरा सनमायका, आत बहुधा भुसा दाबून केलेला बोर्ड, खाली लोखंडी पाय. त्यावर एक २७ इंची आणि एक २३.८ इंची मॉनिटर आहे, दोन्ही आपापल्या मूळ स्टँडवर. शिवाय लॅपटॉप. २७ इंचीचा स्टँड इतका पसरट आहे की पडदा भिंतीपासून २२ सेंटीमीटर पुढे येतो आणि डोळ्यांपासून जेमतेम ४५ सेंटीमीटर अंतर उरतं. संध्याकाळपर्यंत मान भरून येते.

टेबल खिडकीखाली, भिंतीला टेकवलेलं आहे. पुढच्या आठवड्यात त्याच खिडकीत कूलर लागेल.

बजेट ५ हजार, गरज पडली तर थोडं वर. गॅस स्प्रिंगवाला (वायूच्या दाबावर पडदा तोलणारा) घ्यावा की साध्या खांबाचा? दोन हातांचा (हात म्हणजे पडदा धरणारी दांडी) एक की एकेका हाताचे दोन? आणि सगळ्यात मोठी काळजी ही की हे टेबल ते वजन सोसेल का?

---

अंबाझरी_सकाळ | ४ एप्रिल, रात्री १०:३५

आधी मापं घ्या आणि इथे टाका. त्याशिवाय कोणी काहीही सुचवलं तरी तो अंदाजच राहील.

दोन्ही मॉनिटरचं स्टँड काढून वजन करा. खोक्यावरचं वजन बहुतेकदा स्टँडसकट असतं, कधी खोक्यासकटही. घरी वजनकाटा असेल तर मॉनिटर हातात घेऊन त्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. साधारण २४ इंची ३ ते ४ किलो भरतो, २७ इंची ४ ते ६ किलो.

मग पाठीमागची भोकं पाहा. चौकोनात चार भोकं असतात. शाळेची पट्टी लावा: दोन भोकांच्या मध्यात १० सेंटीमीटर किंवा ७.५ सेंटीमीटर अंतर यायला हवं. यालाच व्हेसा माप म्हणतात. व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन ही संस्था १९८९ सालची, आणि तिच्या या मानकामुळेच एका कंपनीचा मॉनिटर दुसऱ्या कंपनीच्या स्टँडवर बसतो. ७५ मिलिमीटरच्या चौकोनाला ८ किलोपर्यंतचा पडदा धरला आहे, १००च्या चौकोनाला १४ किलोपर्यंतचा. स्क्रू दोन्हीकडे एम-४. भोकं खोल खळग्यात असतील तर स्टँडची प्लेट आत बसत नाही. तेव्हा लांब स्क्रू आणि मधे घालायच्या छोट्या नळ्या लागतात, त्या सोबत येतात का ते बघून घ्या. आणि स्क्रू हाताने सहज फिरेल तेवढाच फिरवा. गरजेपेक्षा लांब स्क्रू जोर लावून आत घातला तर पॅनलपर्यंत पोचतो, मग दुरुस्ती नाही.

भोकंच नसलेले मॉनिटरही असतात, विशेषतः स्वस्तातले घरगुती. जुना २३.८ इंची नीट तपासा.

आता टेबल. फळीची जाडी, आणि मागच्या काठाला खालून काय आहे ते.

---

सागवानी | ५ एप्रिल, सकाळी ७:१०

भाऊ, स्टँडचं नंतर पाहू. आधी टेबलाखाली वाकून पाहा. काहून म्हणतो ते सांगतो. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून फर्निचरचंच काम आहे, अन् गेल्या चार-पाच वर्षांत या स्टँडनं काठ फुटलेले टेबल आमच्याकडे बरेच येऊन राहिले.

भुशाच्या बोर्डात रेषा नसते. सागाले रेषा असते, प्लायमधे आडवे-उभे थर असतात, ते ओढ धरतात. भुशाच्या बोर्डात नुसता गोंद अन् चुरा. वरून सपाट वजन ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकते, पण एका जागी दाब दिला की तिथं खळगा पडते. एकदा आतला चुरा मोकळा झाला की क्लॅम्प (टेबलाच्या काठाले पकडणारा स्टँडचा शिकंजा) कितीही आवळा, तो आत आत जात राहते.

त्यात तुमच्या खिडकीत कूलर. मे महिन्यात कूलरची ओल खोलीत असतेच. सनमायकाच्या सांध्यातून अन् उघड्या कडेतून पाणी शोषलं की भुशाचा बोर्ड फुगते, अन् फुगलेला बोर्ड परत बसत नाही. मागची कड उघडी आहे का तेवढं पाहा. कंपन्या समोरची कड बंद करतात, मागची तशीच सोडतात.

काचेचा टेबल असेल तर क्लॅम्पचं नावही काढू नका. कडक काच असली तरी काठावर दाब आला की एका क्षणात तिचे तुकडे होतात.

---

वैनगंगा | ५ एप्रिल, सकाळी ११:२०

सागवानी दादांनी सांगितलं ते माझ्या घरी घडलं आहे, म्हणून तपशिलात लिहिते.

मी सीए आहे, धरमपेठेत ऑफिस. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक दोन हातांचा गॅस स्प्रिंगचा स्टँड घेतला. दोन २७ इंची मॉनिटर, टेबल १६ मिलिमीटरच्या भुशाच्या बोर्डाचं. पहिले दोन महिने इतकं छान वाटलं की ऑफिसमधल्या दोघींनाही सांगितलं. मग पडदे हळूहळू पुढे झुकायला लागले. मला वाटलं स्प्रिंग सैल झाली, म्हणून मी स्प्रिंग आवळत राहिले. खरं तर सगळा खांबच वाकत होता. सप्टेंबरच्या विवरणपत्रांच्या धावपळीत एका दुपारी खालची चकती बोर्डात घुसल्याचा आवाज आला. मॉनिटर वाचले, कारण मी शेजारीच होते आणि दोन्ही हातांनी धरले. टेबलाचा काठ मात्र तळहाताएवढा तुटला.

विक्रेत्याने स्टँड परत घेतला नाही. पानावर “१० मिलिमीटर जाडीपासून चालेल” असं लिहिलं होतं, पण ते क्लॅम्प किती जाडीच्या फळीवर बसतो याबद्दल होतं. ती फळी ते वजन सोसेल का, याबद्दल तिथे एक शब्दही नव्हता. हा फरक मला तेव्हा कळला नाही. तुम्ही खरेदीच्या पानावर जाडीचा आकडा वाचाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

---

उन्हाळी_ढग | ५ एप्रिल, दुपारी १:०५

वैनगंगा ताईंच्या टेबलाचं नेमकं काय झालं ते आकड्यांत मांडतो. (मी मेकॅनिकलवाला, हिंगण्याच्या एमआयडीसीत.)

समजा ५ किलोचा मॉनिटर खांबापासून ६० सेंटीमीटर पुढे ओढला. क्लॅम्पचं बूड पुढे-मागे साधारण १० सेंटीमीटर. तराजूसारखा हिशोब करा: ५ गुणिले ६० भागिले १०, म्हणजे ३० किलो. इतक्या जोराने वरच्या प्लेटची पुढची कड टेबलात रुतते, आणि तितक्याच जोराने खालची चकती फळीला खालून वर दाबते. दोन मॉनिटर एकाच खांबावर असतील आणि दोन्ही पुढे ओढले असतील तर ६० किलो. यात हातांचं स्वतःचं वजन धरलेलं नाही, आणि तुम्ही स्क्रू आवळून दिलेला दाब वेगळा. खालची चकती जेमतेम ४-५ सेंटीमीटर व्यासाची असते. सगळा भार तिथे.

म्हणून पडदा जितका खांबाच्या जवळ तितकं टेबल सुखी. आणि म्हणूनच फळीच्या वर-खाली लोखंडी पट्टी घालतात, भार मोठ्या जागेवर पसरावा म्हणून. ऑनलाइन “रीइन्फोर्समेंट प्लेट” नावाने तयार जोडी मिळते. पण इतवारीत लोहाओळीत जाऊन ५-६ एमएमची, १५ बाय १० सेंटीमीटरची पट्टी कापून घेतली तर ती जास्त जाड मिळते. कडा घासून घ्या आणि सनमायकाकडच्या बाजूला रबराचा तुकडा लावा.

---

चौकट_चार | ५ एप्रिल, दुपारी ४:४०

शेअर बाजार बंद झाला, आता लिहितो. माझ्याकडे चार पडदे आहेत, गांधीबागेत घरीच. सव्वानऊच्या आत सगळं चालू लागतं, त्यामुळे या विषयात मी बरेच पैसे घालवले आहेत.

माझं स्पष्ट मत: रोज पडदा हलवायचा नसेल तर गॅस स्प्रिंग घेऊ नका. साध्या खांबाचा घ्या. खांबावर कडी सरकवून उंची ठरवायची, एलन कीने (षटकोनी किल्लीने) आवळायची, विषय संपला. आत वायू नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखं काही नाही. माझा खांब सहा वर्षं जुना आहे, दोन खाली दोन वर. याआधी चार गॅसचे हात होते. चारही पडद्यांच्या कडा एका रेषेत ठेवणं रोजचं काम होऊन बसलं होतं. सकाळी जुळवायचे, दुपारी एक पडदा बोटभर वर गेलेला.

वरच्या ओळीबद्दल एक गोष्ट सांगतो. तिथे सतत पाहायचं काही ठेवू नका. मी निर्देशांक आणि बातम्या ठेवतो, आणि दोन्ही पडदे चांगले खाली झुकवले आहेत. पहिल्या वर्षी मुख्य आलेख वर ठेवला होता, मानेचा त्रास तिथूनच सुरू झाला.

---

उन्हाळी_ढग | ५ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

@चौकट_चार, दुपारी पडदा बोटभर वर जातो याला भौतिक कारण आहे, आणि नागपुरात ते जास्त जाणवतं.

गॅस स्प्रिंगच्या नळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. बंद नळीतल्या वायूचा दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढतो. जानेवारीतल्या सकाळी खोलीत १८ अंश धरा, मे महिन्यात वीज गेल्यावर दुपारी ४०. म्हणजे २९१ केल्व्हिनवरून ३१३. दाब साडेसात टक्के वाढला. हिवाळ्यात ५ किलोला तंतोतंत जुळवलेला हात नवतपात जवळजवळ ५.४ किलोचा जोर लावतो. सांध्यांचं घर्षण त्यातलं थोडं पोटात घालतं, उरलेलं तुम्हाला पडद्याच्या उंचीत दिसतं. एसीच्या ऑफिसात हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पण म्हणून गॅसचा हात टाकाऊ ठरत नाही. ज्याला पडदा कधी जवळ, कधी दूर, कधी उभा लागतो त्याचं खांबाने भागत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा एलन कीने ताण जुळवायचा, एवढंच. ताण जुळवताना मॉनिटर लावलेला असावा आणि हात आडवा असावा.

पोलादी स्प्रिंगचे हातही मिळतात, त्यांना तापमानाचा हा त्रास जवळजवळ नाही. अर्गोट्रॉनचा एलएक्स त्यातला; ३.२ ते ११.३ किलोचा पडदा धरतो. महाग आहे, पण माझ्या बहिणीकडचा बरीच वर्षं न कुरकुरता चालला आहे.

एक अतिशय महत्त्वाचं. स्प्रिंगच्या हातावरून मॉनिटर काढायचा असेल तर आधी हात पूर्ण वर न्या, मग स्क्रू काढा. खाली असताना मॉनिटर सोडवला तर मोकळा हात झटक्यात वर उसळतो. आमच्याकडे एका पोराच्या हनुवटीला तीन टाके पडले आहेत. घरात लहान मुलं असतील तर हे विसरू नका.

---

तर्री_पोहा | ६ एप्रिल, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ऑफिसमधून आल्यावर टेप घेऊन बसलो.

२७ इंची: ४.९ किलो, भोकं १०० ची, सपाट.
२३.८ इंची: ३.३ किलो, भोकं ७५ ची, खळग्यात, खोली अंदाजे १२ मिलिमीटर.
टेबलाची फळी: १५ मिलिमीटर. मागची कड उघडी, भुसा स्पष्ट दिसतो. सागवानी दादा, तुम्ही म्हणालात तसंच.

आणि एक नवीन अडचण. मागच्या काठापासून ३ सेंटीमीटर आत, खालून आडवा लोखंडी चौकोनी पाइप आहे, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्लॅम्पची चकती तिथे टेकणारच नाही.

पडदे रोज हलवायचे नाहीत. २७ समोर, २४ डावीकडे तिरपा, एवढंच हवं.

---

बेसा_पिपळा | ६ एप्रिल, रात्री १०:५०

पाइपची अडचण माझ्याकडेही होती. पण त्याआधी भिंतीबद्दल बोलू, कारण यावर अजून कोणी लिहिलं नाही.

हात दोन तुकड्यांचा असतो, मधे कोपरासारखा सांधा. पडदा मागे ढकलला की कोपर कुठेतरी जायलाच हवं. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर ते मागे जाऊ शकत नाही, बाजूला जातं, आणि दोन हातांच्या स्टँडमध्ये शेजारच्या मॉनिटरला अडतं. एकेक तुकडा २०-२५ सेंटीमीटरचा असतो. मी ऐटीत स्टँड बसवला आणि पडदा जुन्या स्टँडपेक्षाही पुढे आला. शेवटी टेबल भिंतीपासून १२ सेंटीमीटर ओढलं तेव्हा सगळं जागेवर बसलं. छोट्या खोलीत १२ सेंटीमीटरही मोठे असतात, ते आधी मोजा.

दोन हात एकाच खांबावर असतील तर पोचही तपासा. २७ इंची मॉनिटर साधारण ६१ सेंटीमीटर रुंद असतो. दोन शेजारी लावले की प्रत्येकाचा मध्य खांबापासून ३०.५ सेंटीमीटर बाजूला. हाताची पूर्ण लांबी ४८ असेल तर पुढे येण्यासाठी ३७ उरतात. तेच दोन ३४ इंची अल्ट्रावाइड असतील तर मध्य ४१ सेंटीमीटर बाजूला जातो आणि पुढे फक्त २५ उरतात. तुमच्या जोडीला काही अडचण नाही, पण कोणी मोठे पडदे घेणार असेल तर कागदावर काढून पाहावं.

---

सागवानी | ७ एप्रिल, सकाळी ६:५५

भाऊ, आता माझं ऐकता का. १५ एमएमचा भुसा, उघडी कड, खालून पाइप, अन् समोर कूलर. याच्यावर लोखंडी पट्टी घालूनही तुम्ही दोन वर्षांनी रडत याल. स्टँडवर दोन हजार जास्त घालू नका, ते टेबलात घाला.

पाय चांगले आहेत ना? ते ठेवा. फक्त फळी बदला. १९ एमएमचा प्लाय घ्या, वॉटरप्रूफ ग्रेडचा. १२० बाय ७२ कापा. आताच्या फळीपेक्षा १२ सेंटीमीटर जास्त खोल, ती सगळी वाढ मागच्या बाजूले, पाइपच्या पलीकडे सोडा. म्हणजे पाइपपासून मागे १५ सेंटीमीटर मोकळी फळी मिळते, क्लॅम्प आरामात बसते. वर सनमायका, चारही कडेले सागाची लिपिंग पट्टी. मागची कडसुद्धा. मिस्त्रीले “मागची दिसत नाही, राहू द्या” असं म्हणू देऊ नका.

वाढीव भाग मागे लोंबकळते तर टेबल मागे उलटणार नाही का, असं विचाराल. स्टँड अन् दोन मॉनिटर मिळून बारा-तेरा किलो. प्लायची फळी अन् लोखंडी पाय त्याच्या दुप्पट तरी. शिवाय पडदे पायांच्या आतच येऊन राहिले. काही होत नाही.

---

वैनगंगा | ७ एप्रिल, सकाळी ९:३०

मी टेबल तुटल्यावर नेमकं हेच केलं. तोच स्टँड, फक्त प्लायची फळी. दीड वर्ष झालं, तसूभर हललेला नाही. फक्त क्लॅम्पखाली रबराचा तुकडा घातला, नाहीतर सनमायकावर वळ उठतो.

---

सदरचे_काका | ७ एप्रिल, दुपारी १२:१५

मी निवृत्त आहे, भाषांतराची कामं करतो, दोन पडद्यांवर. उंचीबद्दल सांगावंसं वाटतं.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटर, हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते बरोबरही आहे. पण माझ्यासारखा ज्याचा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे त्याला ते लागू होत नाही. आम्ही जवळचं भिंगाच्या खालच्या भागातून पाहतो. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणला की वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते, आणि तासाभरात मानेच्या मागे कळ येते. मी पडदा चार बोटं खाली घेतला आणि वरची कड थोडी मागे झुकवली. तेव्हापासून त्रास नाही. म्हणून स्टँड घेताना तो किती उंच जातो याबरोबर किती खाली येतो हेही बघा. काही स्प्रिंगचे हात टेबलापासून एका उंचीखाली उतरतच नाहीत. खांबावर हा प्रश्न येत नाही.

तर्री_पोहा, तुमचं वय कमी असेल, पण घरात आणखी कोणी तेच टेबल वापरत असेल तर त्यांचा चष्मा विचारून घ्या.

---

चौकट_चार | ७ एप्रिल, दुपारी ३:५०

काकांचा मुद्दा मोलाचा आहे. माझ्या वडिलांना हाच त्रास होतो, आजच त्यांचा पडदा खाली घेतो.

@उन्हाळी_ढग, तापमानाचं कारण पटलं. माझं मत एवढंच बदलतो: हलवायचं असेल तर स्प्रिंग, नसेल तर खांब. तर्री_पोहा यांना हलवायचं नाही.

---

अंबाझरी_सकाळ | ७ एप्रिल, रात्री ८:२०

२३.८ इंचीची भोकं १२ मिलिमीटर खोल आहेत, म्हणजे १२-१३ मिलिमीटरच्या नळ्या आणि साधारण २२-२५ मिलिमीटरचे एम-४ स्क्रू लागतील. सोबत आले नाहीत तर हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात एम-४ मिळतो. मूळ स्टँडचा एक स्क्रू नमुना म्हणून खिशात न्या.

वायरींची लांबीही बघा. मॉनिटर उचलला की एक मीटरची एचडीएमआय कमी पडते. दोन मीटरची घ्या आणि प्रत्येक सांध्यापाशी थोडा सैल झोल सोडा, नाहीतर पडदा वळवताना सगळी ओढ पोर्टवर येते.

---

तर्री_पोहा | २१ एप्रिल, रात्री ९:१५

झालं. सविस्तर लिहितो, पुढे कोणाच्या उपयोगी पडेल.

सागवानी दादांनी सांगितलं तसंच केलं. ओळखीच्या मिस्त्रीकडून १९ एमएमची फळी, १२० बाय ७२, मागे १२ सेंटीमीटर वाढवून. मागच्या कडेला पट्टी लावायला ते खरंच तयार नव्हते, दोनदा सांगावं लागलं. सनमायका आणि मजुरीसकट ३,६०० रुपये. स्टँड साध्या खांबाचा, दोन हातांचा, २,४०० रुपये. मिळून बजेटच्या हजार रुपये वर गेलो, पण टेबल आता खरोखर टेबल वाटतं. ठोकलं की भरीव आवाज येतो.

लोहाओळीतून ६ एमएमच्या दोन पट्ट्या आणल्या. प्लायला कदाचित लागल्या नसत्या, तरी बसवल्या. वैनगंगा ताईंचा किस्सा डोक्यातून जात नव्हता.

२७ इंची बरोबर समोर. २४ डावीकडे, साधारण २५ अंश आत वळवलेला. डोळ्यांपासून अंतर आता ६५ सेंटीमीटर. टेबल भिंतीपासून थोडं ओढावं लागलं, बेसा_पिपळा यांचा सल्ला वाचला नसता तर आधी भिंतीला टेकवूनच बसवलं असतं. मोकळ्या झालेल्या जागेत वही उघडी ठेवता येते. मला याचं इतकं समाधान वाटेल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती ती नोंदवतो. कूलर चालू केला तेव्हा दोन्ही पडद्यांवरची अक्षरं बारीक थरथरायला लागली. आधी वाटलं स्टँडच डगमगतो. मग लक्षात आलं की कूलरचा लोखंडी घोडा खिडकीच्या ग्रिलला टेकला आहे आणि माझ्या टेबलाचा मागचा कोपरा खिडकीच्या चौकटीला. कूलरचा थरकाप तिथून टेबलात, टेबलातून खांबात, आणि खांबाच्या टोकाला तो मोठा होऊन दिसत होता. टेबल चौकटीपासून दोन बोटं सरकवलं, घोड्याखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. थरथर थांबली.

---

उन्हाळी_ढग | २१ एप्रिल, रात्री ९:५५

छान केलंत. पंधरा दिवसांनी क्लॅम्पचा स्क्रू एकदा तपासा. रबर दबून बसतं, अर्धा फेरा आवळावा लागतो. त्यानंतर सहसा लागत नाही.

---

पवनीची_लेक | ३ मे, दुपारी २:२०

धागा वाचून धीर आला, म्हणून माझा प्रश्न विचारते. माझ्याकडे आजोबांचं सागाचं टेबल आहे, आल्लापल्लीच्या सागाचं. आजोबा त्यावर पन्नास वर्षं हिशोब लिहीत होते. फळी २५ मिलिमीटर, पण चारही बाजूंनी खाली साडेसात सेंटीमीटरची पट्टी आहे, अगदी काठाला लागून. मला एकच २७ इंची लावायचा आहे. क्लॅम्पचं तोंड साडेआठ सेंटीमीटरच उघडतं. फळीला भोक पाडून बसवता येईल असं दुकानदार म्हणाला. माझी हिंमत होत नाही.

---

सागवानी | ३ मे, संध्याकाळी ५:४०

ताई, भोक पाडू नका. तो साग आता मिळत नाही. पट्टीही कापू नका, तिच्यावरच फळीचा आधार आहे, कापली की पाचेक वर्षांनी फळी बाक धरते.

टेबल भिंतीले लागून आहे का? असेल तर टेबलाचा विचारच सोडा. हेच हात भिंतीवर बसवायच्या प्लेटसोबत पण मिळतात. विटांची भिंत असेल तर चार चांगले फास्टनर पुरतात. भिंत कोणती आहे ते आधी पाहा. नऊ इंची असेल तर निर्धास्त बसवा. साडेचार इंची आडभिंत असेल तर भोक विटेतच घ्या, सांध्यातल्या मालात घेऊ नका, अन् हात लांब न घेता आखूड घ्या.

---

पवनीची_लेक | ३ मे, संध्याकाळी ६:३०

भिंत बाहेरची आहे, नऊ इंचीच. टेबल तिला लागूनच आहे. भिंतीवरच बसवते. आईला आत्ताच सांगितलं, तिने आधी टेबल पुसून घेतलं.